मुंबईचे स्थळ

दवनीवाड्यासारख्या गावातील व्यापारी घरात मुंबईचे स्थळ आले, की पेढी कोठे आहे हे प्रथम विचारले जाते. बिऱ्हाड कोठे, हे मागाहून. वस्तुतः त्या धनाढ्य शहराचे खरे चित्र बिऱ्हाडातच दिसते. काळबादेवी, भुलेश्वर ज्यात येतात त्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. जागेचे भाव न परवडल्याने कुटुंबे उपनगरांत, थेट भाईंदरपर्यंत सरकली. पेढ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. २०११ च्याच जनगणनेत तेथे हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या, तर गोंदिया जिल्ह्यात ९९९. कमावता पुरुष शहरात आणि कुटुंब गावी, ही जुनी रीत त्यामागे आहेच. मुलीच्या आईने खोल्या किती, हे निःसंकोच विचारावे. लोकलचा प्रवास किती, हेही.