रेशीम, ओलावा आणि आपली प्रयोगशाळा

सुवाहक आणि दुर्वाहक या दोन जाती पुस्तकाने कायमच्या ठरवून टाकल्या आहेत. अनगोळ-वडगावच्या मागांवर मात्र ऋतूचेही चालते. कोरड्या हिवाळ्यात रेशमी धागा घासला, की विद्युतभार त्यावरच साचतो. सारख्या भाराचे धागे एकमेकांना दूर लोटतात आणि ताणा विस्कटतो. पावसाळ्यात धाग्यावरच्या ओलाव्यातून तोच भार निसटतो. १७२९ साली स्टीफन ग्रे याने भार वाहून नेणारी दोरी रेशमी धाग्यांवर टांगली, तेव्हा प्रयोग साधला. रेशमाऐवजी पितळी तार घेताच फसला.

मग स्थिर विजेचे प्रयोग आपण बेळगावच्या मुसळधार पावसात का उरकावेत? प्रयोग फसतो, विद्यार्थी उत्तर पाठ करतो आणि विज्ञान वहीतच राहते. माझे स्पष्ट मत असे, की हे प्रयोग जानेवारीत ठेवावेत. त्याआधी विद्यार्थ्यांनी एकदा तरी मागावर जाऊन यावे.