निदानाचीही मजुरी द्या

उसाचा हंगाम लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या रस्त्यांवर जुन्या ट्रकांना पुन्हा दिवस येतात. न्हावरे-चौफुला रस्त्यावर, पाटसच्या भीमा कारखान्याकडे आणि आलेगावच्या दौंड शुगरकडे जाणाऱ्या रांगांत कितीतरी गाड्या अशा असतात, की ज्यांचे इंजिन एकदा बंद केले तर पुन्हा चालू होईल याची चालकालाच खात्री नसते. म्हणून रांगेत तासन्‌तास इंजिन सुरूच ठेवले जाते. रात्री गाडी मुद्दाम उतारावर लावायची, चाकाखाली दगड द्यायचे आणि पहाटे गिअरमध्ये सोडून चालू करायची, ही रीतही सर्रास चालते. दगड रस्त्यावर राहतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो. हे सगळे दोष सांभाळून घेण्याचे मार्ग झाले; दोष शोधून काढायला कोणी बसत नाही. मिस्त्रींना काम येत नाही म्हणून असे होते, हे मला पटत नाही. खरे कारण असे, की दोष शोधण्याच्या कामाला आपण दामच ठेवलेला नाही. मिस्त्रीला पैसे मिळतात ते पार्ट बदलल्यावर. दोन तास डोके लावून ‘पंपाला काही झालेले नाही, नुसती वायसर गेली आहे’ असे सांगणाऱ्याच्या हातावर चहापुरते पैसे टेकवले जातात, आणि पंप उतरवणाऱ्याचे हजारोंचे बिल मात्र मुकाट चुकते होते. मग पंप उतरणारच.

जानेवारीत या भागात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. त्या थंडीत सेल्फ जड फिरतो आणि मालक बॅटरीच्या दुकानाची वाट धरतो. वास्तविक दोन मिनिटांत करता येण्यासारखी एक तपासणी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरायची आणि सेल्फ मारायला सांगायचे. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा बरेच जास्त दाखवले, तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. तशा गाडीला नवी बॅटरी घातली तरी चार दिवसांत तेच रडगाणे. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे बघावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, जळत मात्र नाही. मग कॉम्प्रेशन, नोजल, टायमिंग यांच्याकडे वळायचे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढले जाते, म्हणून तिथे फट असली तर डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. हवा मात्र आत शिरते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि रात्रभरात आतले डिझेल टाकीत परत उतरते. सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरचा हातपंप मारून बघावा. तेवढ्याने गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, तर महागड्या इंजेक्शन पंपावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केल्यावर डिझेल फेसाळत आले आणि बराच वेळ फेस थांबला नाही, तर हवा कुठून तरी येतेच आहे. बहुतेक वेळा बेंजो बोल्टखालची तांब्याची वायसर किंवा तडकलेली रबरी नळी निघते. उलट पंपाचे प्लंजर झिजले असतील तर इंजिन गरम असतानाच चालू व्हायला कुरकुरते, कारण तापून पातळ झालेले डिझेल फटीतून निसटते. ‘सकाळी त्रास देते की तापल्यावर?’ एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तराने अर्धा शोध संपतो, आणि तो प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आयडलिंगचेही तसेच. गाडी उभ्या जागी थरथरते, बंद पडते, म्हटले की आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवली जाते. आवाज सुधारतो, दोष झाकला जातो, डिझेल जळत राहते. सहा सिलिंडरच्या जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोजलच्या पाइपाचा नट क्षणभर सैल करून बघितले, तर दोष कुठल्या सिलिंडरचा हे लगेच कळते: ज्याचा नट सोडल्यावरही इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर मिसिंग मारतो आहे. मग त्याचे नोजल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायचे. मिसिंग नोजलबरोबर सरकले तर दोष नोजलचा. जागच्या जागी राहिले तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनचा. पण हीच युक्ती कॉमन रेलच्या गाडीवर कोणी करू नये. त्या पाइपात हजार बारच्या पुढे दाब असतो आणि तिथली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मुरलेल्या मिस्त्रीला आवाजावरूनच सगळे कळते, त्याला मीटर कशाला? कान मोलाचा आहेच. आधी काय तपासायचे हे तो बरोबर सांगतो. पण गंजलेली अर्थिंग आणि उतरलेली बॅटरी यांचा सेल्फमधून येणारा आवाज सारखाच असतो, तिथे मापाला पर्याय नाही. दुसरा आक्षेप हंगामाच्या घाईचा, आणि तो खरा आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. गाडी दिवसभर उभी ठेवणे परवडत नाही. पण वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांना तास-दीड तास पुरतो, आणि नको तो पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला की गाडी दोन दिवस आडवी होते. घाई असेल तर तपासणी जास्तच हवी. तिसरे म्हणणे, असल्या गाड्या भंगारात काढा. 2021 च्या वाहन भंगार धोरणात व्यावसायिक गाडीचा निकष वय नसून फिटनेस आहे आणि आठ वर्षांवरच्या गाडीला तो दरवर्षी सिद्ध करावा लागतो. जी गाडी त्यात बसते ती रस्त्यावर राहणारच. मग ती विनाकारण धूर ओकत राहावी, की नीट जळत चालावी? आणि नीट तपासल्यावर कॉम्प्रेशनच गेले आहे असे दिसले, तर भंगाराचा निर्णयही मालक डोळसपणे घेईल.

पैसे देण्याची आपली तयारीच नाही, असेही म्हणता येत नाही. बीएस-6 गाडीला स्कॅनर जोडला की त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तेच मालक ते कुरकुर न करता देतात, कारण पडद्यावर काहीतरी उमटलेले दिसते. जुन्या गाडीत तेच काम माणूस करतो, आणि स्कॅनरपेक्षा त्याला जास्त विचार करावा लागतो. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी मुले हे तर्कशास्त्र शिकून बाहेर पडतात. गॅरेजात मात्र त्यांच्या हाती नुसता पाना येतो. सुरुवात कारखान्यांना करता येईल. तोडणी-वाहतुकीचे करार आणि उचल पावसाळ्याच्या आसपास ठरतात. त्याच करारात दिवाळीआधीच्या एका तपासणीची ठरावीक मजुरी धरावी, ती मिस्त्रीला थेट मिळावी आणि त्याने मालकाला एक कागद लिहून द्यावा: सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट किती, अर्थिंगची घट किती, हातपंप मारल्यावर फरक पडला का, कुठला सिलिंडर मिसिंग. पार्ट बदलायचा की नाही, हे तो कागद वाचून मालकाने ठरवावे, आणि हवे तर दुसऱ्या गॅरेजात जावे.