रबरी फुगा दाबणारा हात

उडत्या विमानाचं सगळ्यात गाजलेलं छायाचित्र टिपलं ते कॅमेरा पूर्वी कधी हाताळलाही नव्हता अशा माणसाने. 17 डिसेंबर 1903. नॉर्थ कॅरोलायनाचा वाळूचा किनारा, अंगाला झोंबणारा वारा. ऑर्व्हिल राइट यांनी तिकाटण्यावर कॅमेरा रोखून ठेवला आणि जीवरक्षक ठाण्यावरच्या जॉन डॅनियल्सच्या हाती शटरचा रबरी फुगा दिला. विमान रुळावरून सुटलं, जेमतेम दोन फूट वर गेलं, आणि डॅनियल्सने फुगा दाबला. उड्डाण टिकलं 12 सेकंद, अंतर 120 फूट. (त्याच दिवशी वाऱ्याने विमान उलटवलं, तेव्हा त्यात अडकून डॅनियल्सच जखमी झाला!)

चित्रात विमानाइतकंच बघण्यासारखं आहे ते खाली: वाळूतली पावलं, टाकून दिलेलं फावडं, उजवीकडे धावता धावता थबकलेले ऑर्व्हिल यांचे भाऊ विल्बर.



1913च्या पुरात राइट बंधूंच्या गावी, डेटनमध्ये, या छायाचित्राची निगेटिव्ह असलेली काच पाण्याखाली गेली. एक कोपरा तेवढा खराब झाला. आज ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.