कर्त्या पुरुषाची शिदोरी

घरातला कर्ता पुरुष गेला, की ‘मागे काय ठेवले?’ ही विचारपूस हमखास होते. सर टी. माधवराव १८९१ मध्ये चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, मैलापुरात वारले. कुंभकोणमला जन्मलेले हे तंजावरी मराठी गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. मुलूखभर फिरले आणि उतारवयात मद्रासलाच परतले.

पण त्यांची खरी पुंजी पाहायची, तर बडोद्याला जावे लागेल. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये तिथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला. १८८१ मध्ये त्याच्या हाती कारभार येण्याआधी माधवरावांनी त्याला व्याख्याने देऊन शिकवले, की राजा प्रजेच्या सुखासाठी असतो. पुढे याच शिष्याने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली.

परक्याच्या लेकराला आपले शहाणपण हातचे न राखता देणे, हेही दानच. आपल्या वडीलधाऱ्यांनी असे काय काय वाटले, ते पासबुकात सापडत नाही. त्यांच्याजवळ बसून, ते आहेत तोवरच विचारून घ्यावे.