जनुक-शमन आणि लाळ्या-खुरकूत

लाळ्या-खुरकूत रोग गोठ्यात शिरला म्हणजे जनावराच्या तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, दूध आटते आणि ऐन हंगामात बैल लंगडू लागतो. हा रोग विषाणूजन्य असून विषाणूचाच नाश करील असे औषध पशुपालकाच्या हाती अद्याप आलेले नाही. म्हणूनच ‘जनुक-शमन’ या नव्या विद्येची वार्ता ऐकून आशा वाटावी, हे स्वाभाविक होय. ती आशा कितपत रास्त आहे, हे पाहणे इष्ट ठरेल.

विषाणू स्वबळावर वाढू शकत नाही. खोटा हुकूम घेऊन आलेल्या तोतयाप्रमाणे तो पेशीत शिरतो व तिच्याकडून स्वतःच्या प्रती करवून घेतो. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचा हा हुकूम आरएनए या द्रव्याच्या रूपात असतो. त्याच्या मजकुराशी जुळणारा आरएनएचा लहानसा तुकडा पेशीत पोचविला, तर पेशीचीच यंत्रणा तो हुकूम ओळखून फाडून टाकते. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली एका सूक्ष्म कृमीवर ही क्रिया सिद्ध केली आणि २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या मार्गाने लाळ्या-खुरकुताच्या विषाणूची वाढ रोखता येते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर व लहान प्राण्यांवर दिसून आले आहे.

तथापि प्रयोगशाळा व गोठा यांतील अंतर मोठे आहे. हे तुकडे रक्तात लवकर नाश पावतात. रोगग्रस्त भागातील असंख्य पेशींपर्यंत ते पोचविणे कठीण व खर्चाचे आहे. शिवाय विषाणूने आपला मजकूर किंचित बदलला, तरी तुकडा निरुपयोगी ठरू शकतो.

असे असले तरी या विद्येला एक योग्य स्थान आहे. लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती येण्यास काही दिवस लागतात. शेजारी रोग आलेला असेल, तर तेवढे दिवस जनावर उघडे पडते. ते दिवस निभावून नेणारे औषध निघाल्यास ते लसीचा जोडीदार ठरेल. संशोधनाचे श्रम या दिशेने वळावेत, हेच हिताचे.

परंतु उद्याच्या औषधाच्या भरवशावर आजची लस चुकविणे आत्मघाताचे होय. लस टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडे घटते, म्हणून काही पशुपालक जनावर लपवितात. रोग आल्यास मात्र सारे वेतच हातचे जाण्याचा धोका असतो. बुळकांडीसारखा भयंकर रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ते लस आणि गावोगावच्या दक्षतेच्या बळावर. ‘ओ’, ‘ए’ व ‘एशिया-१’ या तिन्ही प्रकारच्या विषाणूंवरील लस दर सहा महिन्यांनी टोचली जाते. गावातील एकही जनावर तिच्यावाचून राहू नये, हे पाहणे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे आद्य कर्तव्य आहे.