'दीर्घकालीन' या विशेषणाविषयी

एखाद्या विशेषणाने वाक्याचा अर्थ किती आक्रसतो, हे वर्गात शिकवणे आम्हा साहित्याच्या अध्यापकांचे कामच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील व्याख्येत असेच एक विशेषण आहे: 'दीर्घकालीन'. दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन कलम 20 शासकीय आस्थापनांवर घालते. पण पाय मोडल्याने तीन महिने कुबड्यांवर चालणारी अध्यापिका या एका शब्दामुळे त्याबाहेर राहते. तिला उत्तर मिळते, 'रजा घ्या.'

आमचा आक्षेप या उत्तरालाच आहे. रजेने जिना तसाच राहतो आणि अध्यापिका घरी बसते. तिसऱ्या मजल्यावरचा तास तळमजल्यावर आणण्यास वेळापत्रकातील एक ओळ बदलणे पुरे असते. अमेरिकेने 2008 साली आपला अपंगत्वविषयक कायदा सुधारला. सहा महिन्यांहून कमी काळ टिकणारी व्याधीही संरक्षणास पात्र ठरू शकते, असे 2011 च्या नियमांनी स्पष्ट केले. आपल्याकडे ही दुरुस्ती व्हायला हवी. तोवर प्राचार्यांना कोणता कायदा अडवतो?

'काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे,' असे आम्हांला ऐकवले जाते. मान्य. मग काही महिन्यांच्याच सोयीला नकार कशासाठी?