कपाटातला कॅमेरा

ईदगाहातल्या नमाजीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर एकदा नीट पाहा. इस्त्री केलेले पांढरेशुभ्र कुर्ते त्यात बहुधा राखाडी दिसतील आणि टोप्यांखालचे चेहरे काळवंडलेले. मग सहलीला निघालेल्या बुरख्यातल्या मुलींचा ग्रुप फोटो काढा. इथे उलटे झालेले असते. काळा बुरखा करडा झालेला आणि चेहरे असे पांढरेफटक की नाकडोळे शोधावे लागतात. चेहरा ओळखणारे नवे महागडे फोन हे थोडेफार सांभाळून घेतात, पण सगळ्यांच्या खिशात ते नाहीत.

दोष कुर्त्याचा नाही आणि बुरख्याचाही नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर काय आहे हे जाणत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या रंगाचे असावे, एवढेच त्याला शिकवलेले असते. पांढरे जास्त दिसले की तो उजेड कमी करतो, काळे जास्त दिसले की वाढवतो. उपाय अधिक-उणेच्या एका बटणात आहे. ईदगाहासाठी अधिक एक, बुरख्यांसाठी उणे एक. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट टेकवले की सूर्याचे चिन्ह येते, ते वर-खाली सरकवायचे.

हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, ही माझी तक्रार नाही. सांगतात, भरपूर सांगतात! आमच्याकडे एका शनिवारी छायाचित्रणाची कार्यशाळा झाली. पाहुण्या सरांनी फळ्यावर ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांच्या व्याख्या लिहून दिल्या. मुलांनी त्या सुंदर अक्षरात उतरवल्या. कॅमेरा टेबलावर होता, त्याला कोणी हात लावला नाही. कार्यशाळा संपली, कॅमेरा कपाटात गेला, चावी ऑफिसात. मी मागायला गेलो तेव्हा ऐकून घेतले, "सर, ही पोरं तोडून टाकतील."

या वाक्याचा मला राग आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलाने पाडला तर तो अपघात, आमच्या मुलाने पाडला तर तो स्वभाव! माझा एक जुना विद्यार्थी लग्नाच्या शूटिंगवर जातो. चार वर्षे तो लाइट धरून उभा आहे. त्याला उजेड धरता येतो, मोजता येत नाही; कारण मालक कॅमेरा हातात देत नाही आणि शाळेने, म्हणजे आम्हीही, तो कधी दिला नाही.

शेवटी मी सही करून कॅमेरा बाहेर काढला आणि नववीच्या मुलांना अंगणातल्या नळाजवळ नेले. भर उन्हात शटर 1/1000 वर ठेवले, तर धारेचे थेंब मण्यांसारखे सुटे आले. मग 1/15. फोटो पांढरा, कोऱ्या कागदासारखा. "सर, इसमें तो कुछ आयाच नै!" मी उत्तर दिले नाही. एकाने आयएसओ 100 वर आणला, तरी पांढराच. दुसऱ्याने ॲपर्चर 16 केले, थोडे सुधारले. एक मुलगी म्हणाली, बादली कडुनिंबाच्या सावलीत नेऊ. तिथे तांब्याने ओतलेल्या पाण्याची धार रेशमासारखी आली. तीन व्याख्यांचे एकमेकांशी नाते काय, हे त्या कोऱ्या फोटोंनी शिकवले.

ॲपर्चरवर तर भांडण झाले. 16 मोठे की 2? आकडा मोठा आणि भोक लहान, हे मुलांना फसवणूक वाटले. पण हा भागाकार आहे. 50 मिलिमीटरच्या लेन्सला 2 ने भागले की 25 मिलिमीटरचे भोक, 16 ने भागले की जेमतेम 3. अपूर्णांकाला घाबरणाऱ्या मुलांनी तो स्वतःहून सोडवला. मी उर्दू-मराठीचा मास्तर, गणित माझेही कच्चेच!

आता आपल्या जलशांकडे वळू. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल हैसमचे नाव प्रत्येक तालिमी जलशात निघते. सुमारे 1000 वर्षांपूर्वी त्याने प्रकाशावर 'किताब अल मनाझिर' लिहिली, हे वक्ते छाती फुगवून सांगतात. तो नेमके काय करत होता, ते कोणी सांगत नाही. ग्रहणातल्या सूर्याची कोर छिद्रातून पडद्यावर पडते, तेव्हा छिद्र लहान असेल तर ती कोरीसारखी का दिसते आणि मोठे केले तर आकार का हरवतो, याचा तो शोध घेत होता. म्हणजे भोक लहान-मोठे केल्याने काय होते, हाच प्रश्न. माझ्या नववीच्या मुलांनी अंगणात त्याच भोकाशी खेळ केला, तर स्टाफरूममध्ये त्याला वेळेचा अपव्यय म्हटले गेले. इब्न अल हैसमचा अभिमान आणि कपाटाला कुलूप, हे दोन्ही एका छताखाली कसे नांदते? तस्वीर जायज की नाजायज हा वाद मी इथे उकरत नाही. तो घालणाऱ्यांच्या खिशातही कॅमेराच आहे, आणि तो कायम ऑटोवर.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला महागडा कोर्स लावू नका, नवा फोनही नको. घरातल्या जुन्या फोनमध्ये प्रो मोड आहे का ते बघा आणि एक सुट्टी त्याला वाईट फोटो काढू द्या. पूर्वी रोलमध्ये 36 फोटो असत, प्रत्येक चूक पैशाची होती. आज चूक पुसायला पैसा लागत नाही, तरीही आपण ती करू देत नाही.

सध्या आम्हाला कॅमेरा शनिवारी दोन तास मिळतो. चावी ऑफिसातच आहे. ती वर्गाकडे द्यावी म्हणून मी अर्ज केला आहे, त्यावर उत्तर आलेले नाही.